सातबाऱ्याची तिसरी वही



डहाणू-तलासरीच्या पाड्यांवर बरीच जमीन एकाच्या नावावर नसते. एका गट नंबरात चार भाऊ असतात, आणि त्यांतल्याच एकाचा दुसऱ्या गटातही हिस्सा असतो. वनहक्क कायदा 2006 चा. त्याप्रमाणे विवाहिताला मिळणारा पट्टा पतिपत्नी दोघांच्या नावे नोंदवावा लागतो. म्हणजे एका जमिनीला अनेक माणसे आणि एका माणसाला अनेक जमिनी. संगणकात हे लिहावे कसे?

समजा, जमिनींच्या यादीत ‘खातेदार’ हा एकच रकाना ठेवला. पहिले नाव बसते, पुढे ‘व इतर’ येते. त्या ‘इतर’मध्ये बायको असते, धाकटा भाऊ असतो. या भागातून बुलेट ट्रेनसाठी भूसंपादन झाले, तशी वेळ आली की मोबदला कोणाकोणाला, हे कुठे पाहायचे? बरे, चार रकाने पाडले, तर पाचवा वारस येताच पंचाईत!

म्हणून वह्या तीन कराव्यात. पहिलीत जमिनी, दुसरीत माणसे. तिसरीच्या प्रत्येक ओळीत एक गट नंबर, एक खातेदार आणि त्याचा हिस्सा. हिस्सा हा एकट्या जमिनीचा नाही, एकट्या माणसाचाही नाही. तो दोघांच्या नात्याचा आहे. नवा वारस आला की फक्त एक ओळ वाढते. याच ओळी जमिनीवार पाहिल्या की सातबाऱ्यावरची नावे मिळतात, माणसावार पाहिल्या की आठ-अ.

आता लेखणी कोणाच्या हाती, ते पाहू. फेरफार तलाठी, म्हणजे आजचे ग्राम महसूल अधिकारी, लिहितात आणि मंडळ अधिकारी तो प्रमाणित करतात. लिहिणारा हात एक, तपासणारा दुसरा. एका कर्मचाऱ्याकडे अनेक गावे असतात, म्हणून इथेही तिसरी वही हवी: कर्मचारी, गाव आणि काम. बदली झाली की त्या ओळीत शेवटची तारीख घालावी; जमिनीच्या नोंदीला हात लावू नये. पण दर गट नंबराला वेगळा अधिकार लिहीत बसू नका. गावाला दिलेला पुरतो.

गुरुजनहो, वर्गात प्रश्न दोन्ही बाजूंनी विचारा. एका इयत्तेत मुले अनेक, पण मुलाची इयत्ता एकच. तिथे साधा रकाना पुरे. मुलाचे खेळ अनेक आणि खेळातली मुलेही अनेक. तिथे तिसरी वही काढा.

आणि घरी गेल्यावर सातबारा उघडून पाहा, प्रत्येकाचे नाव वेगळे लिहिले आहे ना!