पेटी, पिना आणि छपरावरची तबकडी

भामरागड वा सिरोंचासारख्या अरण्यवेष्टित तालुक्यांत डीडी फ्री डिशची पेटी दूरचित्रवाणी संचास जोडताना पिवळी पिन चित्राची, पांढरी डाव्या व लाल उजव्या ध्वनीची, हे ध्यानी ठेवावे. नव्या संचात पिवळी पिन पुष्कळदा हिरव्या खाचेत बसवावी लागते, आणि रिमोटवरून ‘एव्ही’ निवडल्यावाचून चित्र उमटत नाही. संचाचा आवाज साउंडबारमध्ये न आल्यास एचडीएमआय तार ‘एआरसी’ लिहिलेल्या खाचेतच आहे याची खातरजमा करावी. ‘नो सिग्नल’ दिसल्यास मात्र पेटीस दोष देण्यापूर्वी छपरावरच्या तबकडीकडे पाहावे. डीडी फ्री डिशचे प्रक्षेपण करणारा जीसॅट-१५ उपग्रह येथून आग्नेयेस असल्याने त्या दिशेला वाढलेली सागाची फांदी, अथवा पावसाळ्यात तबकडीपुढील एलएनबी या संकेतग्राहकाच्या सांध्यात शिरलेले पाणी, हेच बहुधा मूळ कारण असते. मेघगर्जनेपूर्वीच सर्व तारा काढून ठेवाव्यात, हे मी सर्वांत निकडीचे मानतो.