घाट चढण्यापूर्वी : मोटारीच्या शीतक यंत्रणेची दाबपरीक्षा

श्रोतेहो, उन्हाळ्याची सुटी लागली, की इंदूरच्या मराठी घरांतून मोटारी बाहेर पडू लागतात. कोणी ओंकारेश्वराला जातो, कोणी महेश्वरला. कोणी धामणोद, सेंधवा या मार्गाने धुळे, नाशिक, पुणे गाठतो. यांपैकी कोणतीही वाट धरली, तरी एक गोष्ट चुकत नाही. इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंचीवर, माळव्याच्या पठारावर वसलेले आहे आणि नर्मदेचे खोरे या पठाराच्या बरेच खाली आहे. जाताना घाट उतरावा लागतो, येताना तोच चढावा लागतो. निमाडात त्या दिवसांत पारा ४० अंशांच्या वर गेलेला असतो. गाडीत माणसे आणि सामान दाटलेले, वातानुकूलन चालू, पुढे मालमोटारींची रांग. अशा वेळी भेरूघाटात किंवा मानपूरच्या चढणीवर एखादी मोटार रस्त्याच्या कडेला उभी दिसते आणि तिच्या बॉनेटखालून वाफ येत असते.

पूर्वी हे दृश्य नित्याचेच होते. गाडीच्या पुढच्या अंगाला पाण्याची छागल टांगून लोक प्रवासाला निघत आणि घाटात थांबून रेडिएटरला पाणी पाजीत. आजच्या मोटारी त्या मानाने पुष्कळ सुधारल्या आहेत. त्यामुळे बॉनेट उघडून पाहण्याची सवय मात्र सुटली. बिघाड घाटात होतो असे आपण म्हणतो. खरे पाहता तो बहुधा कित्येक आठवडे आधी अंगणातच सुरू झालेला असतो. तो घरीच कसा ओळखावा, हे आज सांगावयाचे आहे.

प्रथम यंत्रणेचे स्वरूप पाहू. इंजिनात जळणाऱ्या इंधनापासून जी उष्णता निर्माण होते, तिचा ढोबळमानाने एक तृतीयांश भाग शीतक द्रव, म्हणजे कूलंट, वाहून नेतो. पंप हा द्रव इंजिनाच्या पोकळ्यांतून फिरवितो, रबरी नळ्यांतून तो रेडिएटरमध्ये येतो, तेथे वाऱ्याने निवतो आणि पुन्हा इंजिनाकडे जातो. घाटात गाडी खालच्या गिअरमध्ये सावकाश चालते. इंजिनाचे श्रम वाढतात, समोरचा वारा मात्र कमी होतो. म्हणून या यंत्रणेची खरी कसोटी चढणीवर लागते.

आता पाणी इंदूरला सुमारे ९८ अंश सेल्सिअसला उकळते. इंजिनातील द्रवाला याहून अधिक तापूनही उकळू न देणे आवश्यक असते. त्यासाठी जी युक्ती योजिली आहे, ती आपल्या प्रत्येक स्वयंपाकघरात आहे. द्रवावरील दाब वाढविला, की त्याचा उत्कलनबिंदू वर सरकतो. फ्रेंच शास्त्रज्ञ दनी पापँ याने १६७९ साली या तत्त्वावर घट्ट झाकणाचे भांडे बनविले आणि ते फुटू नये म्हणून त्यावर वजनाची झडपही बसविली. आपला कुकर हा त्याच भांड्याचा वंशज होय. मोटारीचा रेडिएटरही एका अर्थी कुकरच आहे. त्याच्या झाकणातील स्प्रिंग ठरावीक मर्यादेपर्यंत दाब आत कोंडून ठेवते. झाकणावर ०.९, १.१ असा आकडा असतो, तो हा दाब होय. पौंडांत सांगावयाचे तर दर चौरस इंचाला सुमारे १३ ते १६ पौंड. एवढ्या दाबाखाली नुसते पाणीदेखील १२० अंशांच्या आसपास जाईपर्यंत उकळत नाही. कूलंट मिसळलेला द्रव तर त्याहूनही वर टिकतो.

यातून दोन गोष्टी निघतात. कोठे बारीक गळती असेल, तर द्रव तर जातोच, पण दाबही टिकत नाही. आणि दाब गेला, की उत्कलनबिंदू खाली उतरतो व एरवी सहज निभावणारी गाडी चढणीवर उकळते. दुसरी गोष्ट अशी, की ही गळती थंड गाडीत पुष्कळदा दिसतच नाही. आपल्या नळांचेच पाहा ना. नर्मदेचे पाणी १९७८ साली इंदूरला आले. जलूदहून ते पंपांनी पठारावर चढविले जाते. पण आपल्या घराच्या नळीला चीर पडली आहे, हे आपणास केव्हा कळते? नळाला पाणी सुटते तेव्हा. कोरड्या नळीची चीर कोणास दिसत नाही. मोटारीचेही तसेच. गाडी धावत असताना आत दाब असतो, पण तेव्हा आपण पाहू शकत नाही. गाडी निवल्यावर पाहतो, तेव्हा दाब उरलेला नसतो. यावर उपाय एकच : इंजिन थंड असतानाच बाहेरून दाब द्यावयाचा. दाबपरीक्षा ती हीच.

यासाठी लागणारे साधन साधे आहे. एक हातपंप, त्यावर दाब दाखविणारी तबकडी आणि निरनिराळ्या गाड्यांच्या तोंडाला बसतील अशी काही झाकणे. सुटे भाग विकणाऱ्या दुकानांत ते मिळते आणि ओळखीच्या मेकॅनिककडे तर बहुधा असतेच. मात्र पंक्चरवाल्याच्या यंत्राची हवा येथे चुकूनही लावू नये. मोटारीच्या टायरमध्ये ३० पौंडांच्या आसपास हवा भरतात; रेडिएटरला त्याच्या निम्माच दाब सोसतो.

परीक्षा सकाळी, गाडी रात्रभर उभी राहिल्यानंतर करावी. गाडी सपाट जागी घ्यावी, हातब्रेक लावावा आणि खाली स्वच्छ पुठ्ठा पसरावा. झाकण काढून द्रव खुणेपर्यंत आहे ना ते पाहावे. कमी असेल, तर गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेलाच कूलंट घालावा. बोअरिंगचे जड पाणी ओतू नये. त्यातील क्षार आतल्या अरुंद वाटांत साचतात. यंत्रणा नीट भरलेली असणे परीक्षेच्या दृष्टीनेही महत्त्वाचे आहे. द्रव दाबला जात नाही, हवा दाबली जाते. आत हवेची मोठी पोकळी राहिली, तर थोडा द्रव गळूनही काटा फारसा हलत नाही आणि आपली फसगत होते.

नंतर योग्य झाकण बसवून पंप सावकाश मारावा आणि मूळ झाकणावरील आकड्यापाशी थांबावे. त्यापुढे एक ठोकाही नको. आता १५ मिनिटे वाट पाहावयाची. काटा जेथल्या तेथे राहिला, तर समाधान मानावे. तो उतरू लागला, तर शोध सुरू करावा. प्रथम पाहावयाची रबरी नळ्यांची टोके आणि त्यांवरील पट्ट्या. मग रेडिएटरच्या प्लॅस्टिकच्या व ॲल्युमिनियमच्या भागांचा सांधा. मग पंपाच्या अंगावरील बारीक छिद्र. हे छिद्र मुद्दामच ठेवलेले असते. आतील सील झिजले, की द्रव तेथून पाझरतो. जुन्या गळतीच्या जागी वाळलेल्या द्रवाचा पांढरा किंवा रंगीत थर दिसतो, तोही चांगला साक्षीदार होय.

काटा उतरतो, पण पुठ्ठा कोरडाच राहतो, असेही घडते. अशा वेळी गळती आत आहे असे समजावे. पुढच्या आसनापाशी पायाखालचा गालिचा ओला लागत असेल, गाडीत गोडसर वास येत असेल, तर हीटरकडे संशय जातो. ऑइलची पट्टी काढल्यावर ऑइल दुधाळ दिसले, किंवा गाडी तापल्यावरही मागून पांढरा धूर येत राहिला, तर हेड गॅस्केट फुटल्याची शंका घ्यावी. येथे घरच्या परीक्षेची हद्द संपते. अशी गाडी सुरू न करता कुशल मेकॅनिककडे न्यावी. ऑइलमध्ये पाणी मिसळल्यावर ओढलेली गाडी इंजिनच खाऊन टाकते.

परीक्षा संपल्यावर आधी पंपावरील झडपेने दाब सोडावा, मगच साधन काढावे. त्यानंतर मूळ झाकणाचीही परीक्षा घ्यावी. पुष्कळ संचांत त्यासाठी वेगळा जोड असतो. झाकणाने आपल्या आकड्याच्या जवळपास दाब धरून ठेवावा व त्यापुढे सोडून द्यावा. रबर कडक झालेले झाकण बदलावे. थोडक्या पैशांच्या या वस्तूमुळे निर्दोष रेडिएटरही बदलला जाऊ शकतो.

ही परीक्षा सर्व काही सांगते असे मात्र नव्हे. पंखा फिरतो की नाही, थर्मोस्टॅट उघडतो की नाही, रेडिएटर आतून तुंबला आहे काय, हे तिच्यातून कळत नाही. काही भेगा इंजिन तापून धातू प्रसरण पावल्यावरच उघडतात. तसेच समोरच्या फळीवरील तापमानाच्या काट्यावरही अंधविश्वास नको. द्रव फार कमी झाला, तर तापमान मोजणारा भाग कोरडा पडतो आणि इंजिन जळत असताना काटा शांत राहू शकतो. म्हणून द्रवाची पातळी वारंवार कमी होत असेल, तर नुसती भर घालीत राहणे हा उपाय नव्हे.

शेवटी, सर्वांत महत्त्वाचे. तापलेल्या इंजिनाचे झाकण कधीही उघडू नये. ओले फडके धरूनही नाही. आतील द्रव शंभर अंशांच्या वर असूनही केवळ दाबामुळे उकळत नसतो. झाकण फिरविताच दाब जातो, द्रवाची क्षणार्धात वाफ होते आणि ती सरळ तोंडावर व हातावर येते. गाडी वाटेत उकळलीच, तर ती सुरक्षित जागी घ्यावी, इंजिन बंद करावे, मुलांना रस्त्यापासून दूर सावलीत बसवावे आणि ती पूर्ण निवेपर्यंत थांबावे. तापल्या इंजिनावर गार पाणी ओतू नये. धातूला तडा जातो. सांडलेला कूलंटही तसाच राहू देऊ नये. बहुतेक कूलंटमध्ये इथिलीन ग्लायकॉल असते. ते चवीला गोड पण विषारी असून, अंगणातील लहान मुले व कुत्री-मांजरे यांना त्यापासून धोका असतो.

श्रोतेहो, या साऱ्या कामाला सकाळचा अर्धा-पाऊण तास लागतो. प्रवासाच्या आदल्या दिवशी नव्हे, आठवडाभर आधी ते करावे. म्हणजे एखादी नळी किंवा झाकण बदलावयाचे निघाले, तर सवड राहील.