गॅपमध्ये काय केलंस?

‘टेल मी अबाउट युअरसेल्फ’ म्हटलं की पाठांतर सुरू होतं. मुलगा परभणीचा असो की पारनेरचा, तो हार्डवर्किंग असतो, क्विक लर्नर असतो, टीम प्लेअर असतो. कमजोरी विचारली तर काम पुरं झाल्याशिवाय त्याला झोप लागत नाही. हे सगळं कुठल्या तरी यूट्यूब चॅनलवरून आलेलं असतं, आणि तो चॅनल समोरच्या एचआरनेही पाहिलेला असतो. मध्येच शब्द तुटला की मुलगा पुन्हा ‘माय सेल्फ’पासून सुरुवात करतो, मधून उचलायला त्याला जमत नाही.

भोसरीत आम्ही काही निवृत्त मंडळी रविवारी सकाळी आयटीआय आणि डिप्लोमा झालेल्या मुलांच्या सराव-मुलाखती घेतो. माझी नोकरी क्वालिटी विभागात गेली, म्हणून तांत्रिक प्रश्न माझ्याकडे. एचआर होतो तो बँकेतून निवृत्त झालेला माझा मित्र. ही भूमिका तो जरा जास्तच मन लावून करतो.

मी टेबलावर व्हर्निअर ठेवतो. लीस्ट काउंट ०.०२ मिलिमीटर, हे सगळ्यांना पाठ. तो आला कसा, म्हटलं की बरेच जण गप्प. मुख्य पट्टीवरचे ४९ मिलिमीटर सरकत्या पट्टीवर ५० भागांत वाटलेले असतात, म्हणजे एक भाग ०.९८चा, एक मिलिमीटरमधून तो वजा करा, उरतं तेच लीस्ट काउंट. अवघड काहीच नाही, पण एका व्हर्निअरभोवती अख्खी बॅच उभी राहिली की मागच्यांच्या वाट्याला वहीतली आकृतीच येते.

लातूरकडचा एक फिटर आला होता. परिचयात अडखळत अडखळत कसाबसा पार झाला. बायोडेटात आयटीआय २०२२, त्यापुढे कोरं. मित्राने चष्मा खाली केला, ‘दोन वर्षांचा गॅप दिसतोय. काय केलंस?’

‘काही नाही सर. घरीच होतो.’

मी सहज विचारलं, ‘एम-१०चा टॅप मारायचाय. ड्रिल कितीचं घेशील?’

‘साडेआठ.’

‘एम-८ला?’

‘सहा पॉइंट आठ. आणि सर, स्टील असेल तर तेल लागेल. बीडाच्या लोखंडात कोरडाच मारायचा.’

आवाजच बदलला होता. खुर्चीत पुढे सरकून बसला, हात बोलू लागले. हे आयटीआयत शिकलास का, म्हटलं. नाही म्हणाला. मामाचं गावात वर्कशॉप आहे. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, कडबाकुट्टी, नांगराचे फाळ, जे येईल ते. आयटीआय संपल्यापासून हा तिथेच होता. मग बायोडेटात का नाही लिहिलंस?

‘त्याचं सर्टिफिकेट नाही ना सर. आणि मामा पगार थोडीच देत होते.’

सरकारच्या श्रमबल सर्वेक्षणात मात्र हा मुलगा बेरोजगार ठरत नाही. तिथल्या ‘नेहमीच्या स्थिती’च्या मोजणीत वर्षभरात तीसेक दिवस काम केलेला, घरच्या धंद्यात बिनपगारी मदत करणारासुद्धा, रोजगार असलेला धरला जातो. एवढी सैल मोजपट्टी लावूनही २०२३-२४मध्ये १५ ते २९ वयाच्यांचा बेरोजगारीचा दर १०.२ टक्के आला. म्हणजे सर्वेक्षणाच्या लेखी पोरगा कामावर, कंपनीच्या लेखी रिकामा. आणि त्याने स्वतः कंपनीचंच खरं मानलेलं.

कंपनीला गॅप खुपतो, कारण गर्दी आहे. जुलै २०२४मध्ये मुंबईत कालिन्याला विमानतळावरच्या हमालीच्या आणि तत्सम कामांच्या थेट भरतीला हजारो तरुण लोटले. चेंगराचेंगरी होईल या भीतीने शेवटी बायोडेटा ठेवून घरी जा, असं सांगावं लागलं. असा गठ्ठा दुपारपर्यंत उपसायचा असेल तर निवडायला सवड कुणाला? गाळायला कारण पुरतं. केटी राहिली होती, साठ टक्क्यांना दोन कमी पडले, गॅप आहे. मुलगी असेल तर लग्न. इलेक्ट्रिशियन ट्रेडच्या एका मुलीला खऱ्या मुलाखतीत हा प्रश्न आला होता. उत्तर तिनेच घडवलं आणि आम्हाला ऐकवलं: ‘सर, तुम्हाला शिफ्टचं विचारायचं असेल तर शिफ्ट चालेल.’ आमच्यापैकी कुणालाही हे सुचलं नसतं.

फिटरचा बायोडेटा आम्ही तिथेच पुन्हा लिहिला. मामांच्या वर्कशॉपचं नाव, गाव, कधीपासून कधीपर्यंत, मग कामं: ड्रिलिंग, टॅपिंग, आर्क वेल्डिंग, ग्राइंडिंग. परिचय आधी मराठीत सांगायला लावला, तोही ट्रॉलीचा तुटलेला हूक कसा जोडला तिथून. तीन मिनिटं बोलला. इंग्रजी नंतर बसवलं, तेवढंही कमीच; लाइनवर सुपरवायझर कुठे इंग्रजीत ओरडतो?

‘सर, सगळ्यांचीच तयारी झाली तर?’ असं एकाने विचारलं होतं. जागा तेवढ्याच राहतात, हे त्याला सांगावंच लागलं. शिवाय निवड झाली तरी बहुतेकांना कंपनीचा शर्ट मिळतो, पट ठेकेदाराचा. सहा-सात महिन्यांनी ब्रेक. पुढच्या मुलाखतीत त्याच ब्रेककडे बोट दाखवून विचारतात, गॅप का?

म्हणून हल्ली शेवटचा अर्धा तास मुलांनी विचारायच्या प्रश्नांसाठी ठेवतो. नेमणूकपत्र कुणाच्या लेटरहेडवर येणार? पीएफ, ईएसआय कोण भरणार? गणवेश, बूट, ‘प्रोसेसिंग’ यांच्या नावाने नोकरीआधी पैसे मागितले तर उठून यायचं, इथे चर्चाच नाही. बाकीच्या प्रश्नांवर मुलं कुरकुरतात, ‘हे विचारलं तर घेणार नाहीत, सर.’ काही ठिकाणी नाहीच घेत. तेव्हा मुलाखतीत जीभ रेटली नाही तर निदान रुजू होताना, सही करण्याआधी विचारा, असं म्हणतो. पगाराची पावती दर महिन्याला मागून घ्या, ब्रेक मिळताना अनुभवाचं पत्र घ्या. पहिला पगार झाला की पीएफचा यूएएन नंबर मागा आणि काही दिवसांनी मोबाइलवर पासबुक उघडून पाहा, कापलेले पैसे खरंच जमा झालेत का.