फवारणीतील विषबाधा आणि मितानिनचा मार्ग

2017 च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. शेकडो जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. कीटकनाशकाच्या प्रत्येक वेष्टनावर विषारीपणा दर्शविणारा लाल, पिवळा, निळा वा हिरवा त्रिकोण तेव्हाही छापलेला होताच. परंतु फवारणारा मजूर बहुधा वेष्टन पाहतच नाही. त्याच्या पंपात पडते ते दुसऱ्याने बादलीत कालवलेले द्रावण. अशा वेळी आणखी एक घडीपत्रिका वाटून फारसे साध्य होत नाही.

छत्तीसगडने आरोग्याच्या क्षेत्रात 2002 पासून निराळी वाट धरली. मितानिन म्हणजे छत्तीसगढी लोकजीवनातील जिवाभावाची मैत्रीण. प्रत्येक पाऱ्याने, म्हणजे वस्तीने, आपल्यातीलच एक स्त्री निवडावी, असा हा उपक्रम. प्रारंभी गावोगावी कलाजत्थ्यांनी गीते व नाटिकांतून तो समजावून दिला. रायपूरच्या राज्य आरोग्य संसाधन केंद्राने प्रशिक्षणाची बाजू सांभाळली. पुढे 2005 मध्ये देशभर आशा योजना आली, तिच्यामागे हा अनुभव होता.

कृषी विस्तारास यातून घेण्याजोगे पुष्कळ आहे. नवजात बालकास पहिले चिकाचे दूध पाजावे, हे केवळ बाळंतिणीस सांगून भागत नाही. घरातील निर्णय सासूच्या हाती असेल तर तिच्याशीही बोलावे लागते. फवारणीचेही तसेच आहे. औषध निवडतो मालक (पुष्कळदा खरे तर दुकानदारच), फवारतो मजूर आणि विषाने भिजलेले कपडे धुते त्याची पत्नी. या प्रत्येकास सांगावयाची गोष्ट वेगळी आहे.

रायपूर परिसरातील धानाचे उदाहरण घ्यावे. तपकिरी तुडतुडे चुडाच्या बुंध्याशी राहतात. वरून केलेला फवारा त्यांच्यापर्यंत धड पोहोचत नाही, फवारणाऱ्याच्या अंगावर मात्र उडतो. सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातील औषधांनी तर कोळ्यांसारखे मित्रकीटक मरून तुडतुडे पुन्हा उसळतात. म्हणून मालकाशी बोलताना आधी बुंधा तपासून अनावश्यक फवारणी टाळण्याविषयी बोलावे. मजुरास वाऱ्याची दिशा, हातमोजे व साबणाने अंग धुणे यांविषयी सांगावे. आणि घरच्या स्त्रीस लक्षणे ठाऊक असावीत: मळमळ, घाम, लाळ, अंधुक दृष्टी. ती दिसताच रुग्णाचे कपडे बदलून त्यास तत्काळ रुग्णालयात न्यावे आणि औषधाचे वेष्टन सोबत ठेवावे. सेंद्रिय फॉस्फरस गटातील विषावर अॅट्रोपिन दिले जाते, सर्व विषांवर नव्हे. त्यामुळे डॉक्टरांना औषधाचे नाव कळणे आवश्यक असते.