राखीव प्रतींची नोंदवही

अशी कल्पना करा, की शाळेच्या ग्रंथालयातील सर्व पुस्तके कपाटांत जागच्या जागी आहेत, पण नोंदवही हरवली आहे. आता एखादे पुस्तक हवे असेल, तर एकेक कपाट उपसावे लागेल. संगणकातील माहितीच्या राखीव प्रतींचे, म्हणजे बॅकअपचे, असेच आहे. प्रत काढणे हे निम्मेच काम. कोणती प्रत कोठे आहे, हे नोंदवून ठेवणे हे उरलेले निम्मे. या नोंदवहीला कॅटलॉग म्हणतात.

'बाकुला' या मुक्त आज्ञावलीचे उदाहरण घेऊ. कर्न सिबाल्ड यांनी २००० साली तिचे काम सुरू केले आणि २००२ मध्ये ती सर्वांसाठी खुली झाली. तिच्या कॅटलॉगमध्ये अनेक तक्ते असतात. एका तक्त्यात प्रत्येक बॅकअपची वेळ व प्रकार, दुसऱ्यात फाइलींची माहिती, तर आणखी एकात कोणता बॅकअप कोणत्या फितीच्या कोणत्या भागात आहे, याची नोंद असते.

समजा, रविवारी सर्व फाइलींची पूर्ण प्रत घेतली. सोमवारी फक्त बदललेल्या फाइली घ्यायच्या आहेत. पण केव्हापासून बदललेल्या? आज्ञावली कॅटलॉगमध्ये शेवटच्या यशस्वी बॅकअपची वेळ पाहते आणि त्यानंतरच्याच फाइली उचलते. पूर्ण प्रतीची नोंदच सापडली नाही, तर ती आपण होऊन पूर्ण प्रत घेते. कोणती फीत वापरायची, हेही कॅटलॉग पाहूनच ठरते.

गुरुवारी सकाळी डिस्क बिघडली, तर? रविवारची प्रत आणि सोमवार, मंगळवार, बुधवारचे बदल यांतून प्रत्येक फाइलची सर्वांत अलीकडची प्रत निवडावी लागते. ही यादी कॅटलॉगच तयार करतो. त्यात एक गंमत आहे. मंगळवारी आपण मुद्दाम पुसलेली फाइल रविवारच्या प्रतीतून पुन्हा अवतरते! हे टाळायचे, तर बॅकअप घेताना आधीच्या फाइलींची यादी कॅटलॉगमधून काढून आजच्या फाइलींशी ताडून पाहावी लागते. बाकुलात तशी सोय आहे.

फाइलींच्या नोंदी साठत गेल्या, की कॅटलॉग फुगतो. म्हणून बाकुला ठरावीक मुदतीनंतर त्या काढून टाकते. वेगळी मुदत न दिल्यास ती ६० दिवसांची असते. नोंद गेली तरी फितीवरची माहिती जात नाही, पण त्यातली एकच फाइल निवडून मागण्याची सोय मात्र जाते.

आणि कॅटलॉगच नष्ट झाला तर? फिती वाचून तो पुन्हा उभा करता येतो, पण त्याला वेळ लागतो. एलटीओ-९ जातीच्या एका फितीवर १८ टेराबाइट माहिती मावते. सेकंदाला ४०० मेगाबाइट या वेगाने ती सगळी वाचायला साडेबारा तास लागतात. अशा दहा फिती असल्या, तर एका यंत्राला पाच दिवसांहून अधिक! म्हणूनच रोजचे बॅकअप संपल्यावर शेवटी कॅटलॉगचीही प्रत घेतात. ती प्रत कोणत्या फितीवर आहे, हे सांगणारी छोटी फाइल मात्र दुसऱ्या संगणकावर ठेवावी लागते. किल्ली कपाटातच ठेवून कपाट बंद केले, तर काय उपयोग?