पर्शियाचा राजपुत्र आणि हातातला पीसी

१९८५ साली जॉर्डन मेकनर नावाच्या अमेरिकन तरुणाने आपल्या धाकट्या भावाला पार्किंगच्या मोकळ्या जागेत पळायला आणि उड्या मारायला लावलं. ते सगळं त्याने व्हिडिओ कॅमेऱ्यात टिपलं, चित्रणातली एकेक चौकट गिरवून काढली आणि ॲपल टू या संगणकात उतरवली. चार वर्षांनी, १९८९ मध्ये, 'प्रिन्स ऑफ पर्शिया' बाजारात आला. पडद्यावरचा इवलासा राजपुत्र खऱ्या माणसासारखा धावायचा, एकदम थांबला की पाय घासत थोडा पुढे सरकायचा, कठड्याला दोन्ही हातांनी लोंबकळून स्वतःला वर ओढून घ्यायचा. संगणकावरच्या खेळात तोवर असं माणूसपण फारसं कुणी पाहिलं नव्हतं.

नव्वदच्या दशकात आपल्याकडे ज्यांनी शाळेच्या किंवा क्लासच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये डॉसवर हात बसवला, त्यातल्या अनेकांची या राजपुत्राशी ओळख आहे. फ्लॉपीवरून फ्लॉपीवर तो पसरत गेला. गेमच्या नावापुढे 'मेगाहिट' टाइप करायचं आणि शिफ्ट-एल दाबून पुढच्या लेव्हलला जायचं, ही विद्या लॅबमधली मोठी मुलं लहानांना देत असत. साठ मिनिटांत बारा लेव्हल पार करून राजकन्येला सोडवायचं, एवढीच गोष्ट. पण खालच्या फरशीतून अचानक वर येणारे सुळे अंगावर काटा आणत.

या गेममधली मला सर्वांत आवडणारी गोष्ट मात्र जागेच्या टंचाईतून जन्मली. मेकनरला राजपुत्रासमोर प्रतिस्पर्धी उभा करायचा होता आणि मेमरीत नव्या पात्राची चित्रं मावत नव्हती. मग त्याने राजपुत्राचीच चित्रं घेतली, ती स्वतःवरच किंचित सरकवून एकमेकांतून वजा केली आणि त्यातून एक चमचमती बाह्यरेषा उरली. तीच राजपुत्राची सावली झाली. आरशातून उडी मारताना ती बाहेर पडते, वाटेत दगा देते आणि शेवटच्या लेव्हलला तलवार घेऊन समोर उभी राहते. तिच्यावर वार केला की आपलंच रक्त जातं. तलवार म्यान केली की ती आपल्यात मिसळून जाते. काही किलोबाइटांच्या अडचणीतून सुचलेला हा प्रसंग आजही भल्याभल्या गेमना जमत नाही, असं माझं मत आहे.

हा राजपुत्र हल्ली मी हातात धरायच्या पीसीवर खेळतो. असे पीसी अलीकडच्या काळातले. चीनमधल्या शेनझेनच्या जीपीडी या कंपनीने २०१६ मध्ये 'विन' नावाचा साडेपाच इंची विंडोज संगणक काढला. त्याला गेमची बटणं होती, पण तो हौशी लोकांपुरताच राहिला. चित्र बदललं ते फेब्रुवारी २०२२ मध्ये, व्हॉल्व्ह या अमेरिकन कंपनीचा 'स्टीम डेक' लोकांच्या हाती पडू लागला तेव्हा. सात इंची पडदा, दोन्ही बाजूंना बटणं आणि जॉयस्टिक, सोळा जीबी मेमरी, वजन पाऊण किलोच्या आत. मागोमाग २०२३ मध्ये आसुसचा 'रॉग ॲलाय' आणि लेनोवोचा 'लीजन गो' आले. ही सारी यंत्रं खेळण्याच्या रूपातले पुरे संगणक आहेत. डेकला कीबोर्ड आणि मॉनिटर जोडला तर त्यावर हा लेखही लिहिता येईल.

नव्या, अवाढव्य गेमसाठी लोक ही यंत्रं घेतात खरे, पण पुष्कळांचा वेळ जातो जुन्या गेममध्ये. मला वाटतं, यामागे आठवणींची ओढ आहेच, पण तेवढंच नाही. जुना गेम आणि छोटं यंत्र यांची जातकुळी एकच आहे, आणि ती समजून घ्यायला जपानमध्ये जावं लागेल.

निन्टेंडोमध्ये गुनपेई योकोई नावाचे अभियंते होते. बुलेट ट्रेनमध्ये कंटाळलेला एक नोकरदार कॅल्क्युलेटरशी चाळा करताना त्यांना दिसला आणि त्यावरून १९८० चा 'गेम अँड वॉच' सुचला, असं सांगतात. योकोईंचं म्हणणं असं की, तंत्रज्ञान जुनं झालं, स्वस्त झालं, त्याचे गुणदोष साऱ्यांना कळले की मग ते उचलावं आणि त्याचा आडवाटेने वेगळाच उपयोग करावा. १९८९ चा 'गेम बॉय' याच विचारातून आला. पडदा हिरवट, त्यात चारच छटा, मागे प्रकाश नाही. पण चार पेन्सिल सेलवर तो दहा-पंधरा तास सहज चाले. पुढच्याच वर्षी सेगाने रंगीत, उजळ पडद्याचा 'गेम गिअर' आणला. त्याला सहा सेल लागत आणि ते चार-पाच तासांत संपत. गेम बॉय आणि त्याची रंगीत आवृत्ती मिळून ११ कोटी ८० लाखांहून अधिक यंत्रं विकली गेली. सेगा जवळपासही पोहोचली नाही.

स्टीम डेक मला योकोईंच्याच घराण्यातला वाटतो. त्याचा पडदा १२८० × ८०० ठिपक्यांचा, म्हणजे मध्यम किमतीच्या फोनपेक्षाही कमी. प्रोसेसर आला तेव्हाही सर्वांत ताकदवान नव्हता. कंपनीच्या सांगण्याप्रमाणे पहिल्या डेकची बॅटरी दोन ते आठ तास टिकते, आणि त्या दोन आणि आठमधला फरक बहुतांशी गेमच्या वयाचा असतो. नवा गेम प्रोसेसरला पळवतो, पंखा घोंघावतो, यंत्र तापतं. १९९० चा गेम चालू असताना पंखा ऐकूही येत नाही.

पडद्याचंही गणित पाहण्यासारखं आहे. डॉसच्या काळातल्या असंख्य गेमचं चित्र ३२० × २०० ठिपक्यांचं असे. चारने गुणलं की बरोबर १२८० × ८००. 'गेम बॉय ॲडव्हान्स'चा पडदा २४० × १६० चा, पाचने गुणलं की १२०० × ८००, म्हणजे उंची तंतोतंत. पूर्णांकाने गुणाकार झाला की जुना प्रत्येक ठिपका नेमका चौकोनी राहतो. अपूर्णांक आला की काही ठिपके जाड, काही बारीक होतात आणि चित्र सरकताना थरथरतं. डॉसच्या बाबतीत एक मेख आहे. तेव्हाचे मॉनिटर चारास तीन प्रमाणाचे, त्यामुळे ते चित्र प्रत्यक्षात थोडं उभं ताणलेलं दिसे. म्हणून राजपुत्र पूर्ण पडदाभर पाहिला तर जरा बुटका वाटतो. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या ठेवून खेळावं, मग तो मूळच्या बांध्यात येतो.

त्या काळच्या चित्रकारांना जुन्या टीव्हीच्या काचेची नस माहीत होती. सेगाच्या 'सॉनिक'मधला धबधबा उभ्या रेघांचा आहे, एक रेघ पाण्याची, एक मोकळी. साध्या केबलने टीव्हीला जोडलं की रेघा एकमेकींत विरघळत आणि पाण्यातून पलीकडचं दिसल्याचा भास होई. आजच्या लख्ख पडद्यावर त्या नुसत्या रेघाच दिसतात. म्हणून जुन्या टीव्हीचा मंद पसरट प्रकाश आणि आडव्या रेषा हुबेहूब उभ्या करणारे शेडर लोकांनी लिहिले आहेत. ते लावून एकदा सॉनिक पाहा. ती चित्रं भरड नव्हती, आपण त्यांना चुकीच्या काचेतून पाहत होतो हे लक्षात येईल.

हे सगळं एका यंत्रावर येतं ते स्वयंसेवकांच्या अनेक वर्षांच्या कष्टांमुळे. डेकवर विंडोज नसतं, लिनक्स असतं. विंडोजसाठी लिहिलेल्या गेमच्या मागण्या लिनक्सला कळतील अशा रूपात पोहोचवण्याचं काम 'प्रोटॉन' करतो. प्रोटॉन २०१८ चा, पण तो उभा आहे १९९३ पासून चालू असलेल्या 'वाइन' या प्रकल्पावर. 'डॉसबॉक्स' २००२ पासून जुना प्रोसेसर आणि साउंड ब्लास्टर कार्डाचं सोंग हुबेहूब वठवतो. आर्केडच्या यंत्रांसाठीचा 'मेम' निकोला साल्मोरिया या इटालियन प्रोग्रामरने १९९७ मध्ये सुरू केला. यातून एक उलटी गंमत घडते. विंडोज ३.१ च्या काळातले सोळा-बिट प्रोग्राम आजच्या ६४-बिट विंडोजवर उघडतसुद्धा नाहीत, आणि लिनक्सवर वाइनमध्ये त्यातले बरेच चालतात. हातातल्या पीसीचं खरं मोल मला या मोकळेपणात दिसतं. एखाद्या कंपनीने दुकान बंद केलं म्हणून आपले गेम त्यावरून नाहीसे होत नाहीत.

आणि वेळ. चाळिशीच्या आसपासच्या माणसाला सलग तीन तास कुठून मिळणार? डेकचं बटण दाबलं की गेम आहे त्या क्षणी गोठतो, पुन्हा दाबलं की तिथूनच पुढे. स्टेशन यायच्या आत एक लेव्हल होते. जुने गेम मुळात अशाच वेळेसाठी घडवलेले आहेत. आर्केडचा गेम तर तीन मिनिटांत दुसरं नाणं मागेल असाच बेतलेला असे. आपल्याकडच्या पार्लरमध्ये 'मुस्तफा' म्हणून गाजलेला गेम आठवा. त्याचं खरं नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स', कॅपकॉम कंपनीचा, १९९३ चा. मुस्तफा हे त्यातल्या चपळ, उडी मारून लाथ घालणाऱ्या गड्याचं नाव. तो गेम एकट्याने खेळण्यात अर्धीच मजा आहे, मागे उभ्या गर्दीचा आरडाओरडा त्याचाच भाग होता. पण पीसी असल्यामुळे डेक टीव्हीला जोडता येतो, ब्लूटूथवर आणखी कंट्रोलर जोडता येतात आणि तीन जण मिळून एकाच पडद्यावर तो खेळू शकतात. घरातल्या मुलांना बरोबर घेऊन हे जरूर करून पाहावं.

खरेदीचा विचार असेल तर सरळ सांगतो. स्टीम डेक भारतात अधिकृतपणे विकायला आलेला नाही. इथे मिळतो तो आयात केलेला, चढ्या भावाचा, आणि बिघडला तर अधिकृत दुरुस्ती नाही. रॉग ॲलाय जुलै २०२३ मध्ये इथे आला तो ६९,९९० रुपयांना. निव्वळ जुन्या गेमसाठी एवढा खर्च करू नये. घरातला दहा वर्षांपूर्वीचा लॅपटॉप किंवा हातातला फोन आणि एक बरा कंट्रोलर एवढ्यावर डॉस, निन्टेंडो, सेगा सगळं उत्तम चालतं. जुने आणि नवे दोन्ही गेम एकाच यंत्रावर हवे असतील आणि प्रवास पुष्कळ असेल, तरच हातातला पीसी घ्यावा.

कायद्याचं भान हवं. एम्युलेटर, म्हणजे डॉसबॉक्ससारखा जुन्या यंत्राचं सोंग घेणारा प्रोग्राम, लिहिणं किंवा वापरणं हा गुन्हा नाही. अमेरिकेत सोनी विरुद्ध कनेक्टिक्स खटल्यात २००० साली न्यायालयाने एम्युलेटरच्या बाजूने निकाल दिला. गेमच्या प्रतीचं तसं नाही. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगणक प्रोग्राम साहित्यकृतीत मोडतो आणि त्यावरचा हक्क लेखकाच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं राहतो. कायदेशीर मार्गाने घेतलेल्या प्रोग्रामची, मूळ प्रत खराब होईल म्हणून राखीव प्रत काढून ठेवायला हाच कायदा मुभा देतो. जे गेम विकत मिळतात ते विकत घ्यावेत. पोलंडमधल्या कंपनीचं 'गॉग' हे दुकान २००८ पासून जुने गेम आजच्या संगणकावर चालतील असे करून विकतं, आणि त्यावर कुलूपही घालत नाही.

प्रश्न आहे तो विकतच न मिळणाऱ्या गेमचा. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन या अमेरिकन संस्थेने जुलै २०२३ मध्ये एक पाहणी प्रसिद्ध केली. अमेरिकेत २०१० पूर्वी निघालेल्या गेमपैकी ८७ टक्के आज बाजारात उपलब्ध नाहीत, असं तीत आढळलं. राजपुत्राचीही तीच गत व्हायची होती. त्याचा मूळ सोर्स कोड वर्षानुवर्षं हरवलेला होता. २०१२ मध्ये मेकनरच्या वडिलांना घरातल्या कपाटात जुन्या फ्लॉपींचं खोकं सापडलं. जाणकारांनी जुनी यंत्रं जमवून त्या फ्लॉपी वाचल्या आणि मेकनरने तो कोड जगासाठी खुला केला. चुंबकीय फ्लॉपीवरचा मजकूर वयानुसार विरत जातो, आणखी काही वर्षं गेली असती तर कदाचित काहीच हाती लागलं नसतं.

आपल्याकडचं काय? आपल्या घरात आलेले 'टीव्ही गेम' निन्टेंडोच्या यंत्राच्या नकला होत्या, कॅसेटीही नकली. त्या नकलांवर एक पिढी वाढली, आणि कोणत्या कॅसेटमध्ये काय होतं, ती कुठल्या बाजारातून आली, याची नोंद कुठेच धड नाही. मुंबईत १९९९ साली सुरू झालेल्या इंडियागेम्सने जावाच्या फोनसाठी गेम बनवले. ते मोबाइल कंपन्यांकडून थेट फोनमध्ये उतरत. त्यांची डबी नाही, सीडी नाही. फोन मेला की आतला गेमही गेला. मराठी माणसांनी मुंबई-पुण्यात बसून लिहिलेलं कितीतरी काम अशा बंद फोनमध्ये पडून आहे.

म्हणून यंदा दिवाळीची आवराआवर करताना माळ्यावरचं खोकं भंगारवाल्याला देण्याआधी उघडून पाहा. फ्लॉपी असतील तर यूएसबीला लागणारा फ्लॉपी ड्राइव्ह मिळतो. पण पृष्ठभागावर बुरशी दिसली तर फ्लॉपी पुन्हा पुन्हा घालू नका, घासून थर निघून जाईल. जाणकाराकडे न्या. सीडी असेल तर तिची पूर्ण प्रतिमा काढून दोन ठिकाणी ठेवा. जुन्या फोनची बॅटरी फुगली असेल तर ती आधी बाहेर काढा, फोन मात्र ठेवा. आणि त्या काळात गेम बनवणाऱ्या एखाद्या कंपनीत तुम्ही किंवा तुमच्या ओळखीचं कुणी काम केलं असेल, तर गेमचं नाव, साल, कुणी काय केलं आणि तो कोणत्या फोनवर चालायचा, एवढं तरी आजच कागदावर लिहून काढा.