वजनाचा ठिपका आणि वाढीची रेघ

कुपोषणाचा विषय विधिमंडळात निघो वा वर्तमानपत्रात, पहिला प्रश्न ठरलेला असतो: तीव्र कुपोषित बालकं किती? मग जिल्हा, प्रकल्प, बीट अशा पायऱ्या उतरत तो प्रश्न अंगणवाडी सेविकेच्या वजनकाट्यापाशी येतो आणि उत्तर रंगांत विभागून वर जातं. हिरवी इतकी, पिवळी इतकी, लाल इतकी. या बेरजेतून मूल वाढतंय की वाढायचं थांबलंय, हे मात्र कळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६च्या प्रमाणकांनुसार सहा महिन्यांच्या मुलीचं मध्यक वजन ७.३ किलो आहे. समजा, एका मुलीचं वजन सहाव्या महिन्यात नेमकं तेवढं आहे आणि वरचं अन्न सुरू करण्याच्या घोळात तिथून पुढे ते एक ग्रॅमही वाढत नाही. कमी वजनाची सीमारेषा नवव्या महिन्याला ६.५ किलोवर असते, बाराव्याला ७ वर, तेराव्याला ७.२ वर. म्हणजे ही मुलगी तेराव्या महिन्यापर्यंत हिरव्या पट्ट्यातच राहणार. चौदाव्या महिन्यात सीमारेषा ७.४ वर चढली की ती पहिल्यांदा पिवळी दिसेल. तोवर सात-आठ महिने तिची वाढ खुंटलेली, आणि अहवालात ती ‘सर्वसाधारण’. आता २.३ किलोची जन्मलेली दुसरी मुलगी घ्या. सीमारेषेच्या जरा खालून, पण तिला समांतर, ती दर महिन्याला चोख वजन घेत चालली आहे. तिच्या आईला मात्र दर महिन्याला बोलणी. बालवाढीच्या मोजमापाचा आढावा घेताना माझं म्हणणं एवढंच आहे की ठिपका पाहणाऱ्यांनी रेघ पाहणाऱ्यांवर मात केली, आणि ती पुराव्याच्या जोरावर नव्हे, कारकुनीच्या सोयीने केली.

रेघेचा इतिहास जुना आहे. फ्रान्समध्ये माँबेयार या उमरावाने १७५९पासून १७७७पर्यंत आपल्या मुलाची उंची ठरावीक काळाने मोजली आणि ब्युफाँने ती नोंद आपल्या निसर्गेतिहासात छापली. एकाच मुलाची सलग वाढ टिपणारी ती पहिली प्रसिद्ध नोंद. पुढची पावणेदोनशे वर्षं भराभर ओलांडायला हरकत नाही. सैन्यभरतीची मापं, शाळकरी मुलांच्या सरासऱ्या आणि अनेक कोष्टकं एवढाच त्यांचा ऐवज. खरी उडी घेतली ती पश्चिम नायजेरियातल्या इमेसी-इले या गावी डेव्हिड मॉर्ले या इंग्रज बालरोगतज्ज्ञाने, १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धात. त्याच्या ‘रोड टू हेल्थ’ तक्त्याची रचना आजही डोळ्यांखालून घालावी अशी आहे. आडव्या अक्षावर पहिल्या चौकटीत मुलाचा जन्ममहिना लिहायचा, पुढचे महिने ओळीने भरत जायचे; त्यामुळे दर वेळी वय काढण्याची कटकटच नको. वर एक आणि खाली एक अशा दोन वक्ररेषा. त्या केवळ वाट दाखवायला. मूल कुठल्या रेषेवर आहे यापेक्षा त्याची स्वतःची रेघ त्यांना समांतर चढते आहे का, हे पाहायचं. रेघ आडवी झाली की धोका, खाली वळली की मोठा धोका. गोवर, डांग्या खोकला, जुलाब, घरातलं नवं बाळंतपण यांच्या नोंदी त्या त्या महिन्यासमोर करायच्या, म्हणजे रेघ का वाकली हे कागदच सांगेल. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे हे कार्ड दवाखान्याच्या कपाटात ठेवायचं नाही. प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आईच्या हाती द्यायचं. बायका कार्डं हरवतील, ही त्या वेळच्या अधिकाऱ्यांची भीती खोटी ठरली. दवाखान्यांतून कागद जितके गहाळ होतात, तितके आयांकडून होत नाहीत, हे मॉर्लेने दाखवून दिलं.

महाराष्ट्रात हा विचार फार लवकर रुजला, याचा आपल्याला विसर पडला आहे. तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात, डहाणू तालुक्यातल्या कासा प्राथमिक आरोग्य केंद्राच्या परिसरात डॉ. पी. एम. शाह यांनी सत्तरच्या दशकात गावातल्याच बायकांना अर्धवेळ कार्यकर्त्या म्हणून तयार केलं. त्या घरोघर वजनं घेत, तक्ते भरत आणि जोखमीची मुलं वेगळी काढून त्यांच्याकडे जास्त लक्ष देत. सर्वांना सारखं वाटण्यापेक्षा, ज्याची रेघ वाकली त्याच्या दारी आधी जायचं, ही दृष्टी आदिवासी पाड्यांवर, शिक्षणाची फारशी संधी न मिळालेल्या बायकांच्या हातून प्रत्यक्षात उतरली. रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी १९७०मध्ये जामखेडला सुरू केलेल्या कामातही गावातली आरोग्य कार्यकर्तीच बाळांची वजनं घेई आणि आईशी बोलणंही तीच करी. मग २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बाल विकास सेवा योजना ३३ प्रकल्पांत सुरू झाली. तिने तक्ता घेतला, पण त्यात आत्मा भरला तो श्रेणींचा. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेने १९७२मध्ये हार्वर्डच्या प्रमाणकांतल्या मध्यक वजनाच्या टक्केवारीवर चार श्रेणी ठरवल्या होत्या: ७१ ते ८० टक्के पहिली, ६१ ते ७० दुसरी, ५१ ते ६० तिसरी, त्याखाली चौथी. सर्वेक्षणासाठी ही विभागणी ठीकच होती. पण तिसऱ्या-चौथ्या श्रेणीतल्या मुलाला दुप्पट पूरक आहार, असा नियम आला आणि श्रेणी हीच योजनेची भाषा झाली. मूल दुसरीतून तिसरीत घसरेपर्यंत थांबायचं आणि घसरलं की जागं व्हायचं, ही सवय तेव्हाच लागली.

याच देशात उलटा प्रयोगही झाला होता, आणि तो आपल्याकडच्या चर्चांत क्वचितच ऐकू येतो. तमिळनाडूच्या एकात्मिक पोषण प्रकल्पात १९८०पासून सहा ते छत्तीस महिन्यांच्या मुलांचं दर महिन्याला वजन होई. पूरक आहारासाठी तीव्र कुपोषित मुलं घेतली जात, तशीच ज्यांचं वजन लागोपाठच्या महिन्यांत पुरेसं वाढलं नाही तीही निवडली जात, मग ती कुठल्याही श्रेणीत असोत. आहार साधारण ९० दिवस. वजन पुन्हा चढू लागलं की बंद. आईला मूल का निवडलं हे कळे आणि का सोडलं हेही कळे. तीव्र कुपोषणाचं प्रमाण तिथे लक्षणीय उतरलं. आहारावरचा खर्च आटोक्यात ठेवून रेघेवर कार्यक्रम चालवता येतो, याचा याहून सज्जड दाखला मला ठाऊक नाही. युनिसेफच्या जेम्स ग्रँट यांनी १९८२मध्ये बालजीवनासाठी जी चार सूत्रं पुढे केली, त्यांत वाढीवरच्या देखरेखीला पहिलं स्थान होतं. जलसंजीवनी, स्तनपान आणि लसीकरण त्यानंतर. नंतरच्या वर्षांत लस आणि जलसंजीवनी मोजायला सोप्या म्हणून पुढे गेल्या, वाढीची देखरेख मागे राहिली.

इथे जाणकार वाचक १९९३चा ‘लॅन्सेट’मधला अभ्यास पुढे करील, आणि करायलाच हवा. तमिळनाडूतल्याच बारा खेड्यांत हा अभ्यास झाला. सहा खेड्यांत पोषणशिक्षण आणि आरोग्यसेवेच्या जोडीला काळजीपूर्वक वाढ-देखरेख, उरलेल्या सहांत देखरेख वगळून बाकी सारं तेच. अडीच वर्षांनी दोन्हीकडच्या मुलांच्या वाढीत फरक आढळला नाही. त्याचा हवाला देऊन काही मंडळी तक्ता ही वेळेची नासाडी असल्याचं ठणकावून सांगतात. मला हा अभ्यास मान्य आहे. त्यावरून काढलेला निष्कर्ष मान्य नाही. दोन्ही गटांना चांगलं पोषणशिक्षण आणि चांगली आरोग्यसेवा मिळत होती. दोन्हीकडची मुलं सुधारली. जिथे प्रत्येक घरी कुणी मनापासून जातंच आहे, तिथे कुणाच्या घरी आधी जायचं हे सांगणाऱ्या साधनाची भर थोडीच पडणार. आपल्याकडची सेविका इतकी मोकळी नाही. तिच्याकडे तीन ते सहा वयोगटाची शाळा आहे, सर्वेक्षणं आहेत, निवडणुकीची कामं आहेत. ज्याच्याकडे वेळ कमी, त्यालाच निवडीचं साधन जास्त लागतं. शिवाय तापमापकाने ताप उतरत नाही म्हणून तो कुणी फेकून देत नाही. काट्यावरून मूल उतरल्यावर पुढची दहा मिनिटं कुणी काय बोललं, यावरच या साधनाचं यश ठरतं, आणि नेमकी तीच दहा मिनिटं आपण कधी मोजली नाहीत.

दुसरा आक्षेप अधिक मानी आहे: भारतीय मुलं जात्याच लहान चणीची, त्यांना परक्या फूटपट्ट्या कशाला? हार्वर्डच्या काळी या प्रश्नात दम होता. पण २००६ची प्रमाणकं १९९७ ते २००३ या काळात पेलोटास, आक्रा, दिल्ली, ओस्लो, मस्कत आणि डेव्हिस अशा सहा ठिकाणच्या, स्तनपान मिळालेल्या, सुस्थित घरांतल्या सुमारे साडेआठ हजार मुलांवरून तयार झाली. त्यांच्या उंचीतल्या एकूण फरकापैकी ठिकाणामुळे पडणारा फरक जेमतेम ३ टक्के निघाला. मुलामुलांतला ७० टक्के. दक्षिण दिल्लीतलं नीट पोसलेलं मूल ओस्लोतल्या मुलासारखंच वाढलं. तेव्हा आपल्या मुलांचं खुजेपण रक्तात शोधण्याची घाई नको. त्याचा एक धागा आईच्या शरीरात सापडतो: पुण्याजवळच्या खेड्यांत डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासात बाळांचं सरासरी जन्मवजन सुमारे २.७ किलो होतं, आणि ती बाळं दिसायला किरकोळ असूनही चरबीच्या हिशेबात तितकी किरकोळ नव्हती. म्हणूनच वजनाच्या जोडीला लांबी-उंचीची रेघ हवी. वजन अडलेली मुलगी उंचीच्या प्रमाणात वजन पाहिल्यास थोडी आधी सापडेल, हे खरं. पण वजनामागोमाग उंचीही रेंगाळली की ते प्रमाण पुन्हा साजरं दिसू लागतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालच्या खुज्या मुलांचं प्रमाण २००५-०६मध्ये ४६.३ टक्के होतं, २०१५-१६मध्ये ३४.४ झालं, आणि त्यापुढच्या पाहणीत ३५.२वर अडलं. २००५पासून चाललेल्या राजमाता जिजाऊ अभियानाने पुढे पहिल्या हजार दिवसांवर भर दिला होता. ती पहिली दहा वर्षं आणि नंतरचा अडथळा यांची तुलना कुणी बैठकीत मांडताना दिसत नाही, कारण बैठक लाल रंगाच्या संख्येसाठी भरलेली असते.

दंडघेराच्या पट्टीचे भक्त म्हणतील, लाल रंग म्हणजे मरणाची जोखीम, तो आधी शोधायला नको का? हवाच. साडेअकरा सेंटिमीटरखाली दंड भरला तर त्या मुलाला त्याच दिवशी उपचार हवेत, त्यात वाद नाही. पण पट्टी आग लागल्यावर वाजणारी घंटा आहे. घंटा चांगली वाजते म्हणून चुलीकडे पाहायचं थांबवायचं का?

विकासाच्या टप्प्यांबाबतही हाच घोटाळा आहे. मान कधी धरली, कधी बसलं, कधी चाललं याच्या याद्या आता प्रत्येक फोनवर असतात आणि शेजारच्या बाळाशी तुलना ठरलेलीच. वर सांगितलेल्या सहांपैकी पाच शहरांत झालेल्या अभ्यासात आधाराशिवाय बसण्याची खिडकी ३.८ ते ९.२ महिने इतकी रुंद निघाली आणि एकट्याने चालण्याची ८.२ ते १७.६. चार टक्क्यांहून जास्त मुलं हातागुडघ्यांवर रांगलीच नाहीत. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २०२२मध्ये आपल्या यादीतून रांगणं काढून टाकलं. एकटा टप्पा फार बोलत नाही. एकामागून एक टप्पे कसे येतात, ते बोलतं. मिळवलेलं कौशल्य मूल गमावू लागलं तर मात्र क्षणभर थांबू नये. या क्षेत्रात मराठी माणसाने अभिमान बाळगावा असं नाव प्रमिला फाटक यांचं. बडोद्यात भारतीय तान्ह्यांवर काम करून त्यांनी परकी मापं इथल्या मुलांना लावून पाहिली, बदलली आणि जन्मापासून तीस महिन्यांपर्यंतची विकासमापनाची भारतीय श्रेणी घडवली. आज ती वापरणाऱ्या कितींना त्यामागचे कष्ट ठाऊक आहेत?

तपासण्यांचा बाकीचा पट थोडक्यात. शाळकरी मुलांची देशातली पहिली वैद्यकीय तपासणी १९०९मध्ये बडोद्यातच झाली. त्यानंतर बहुतेक शाळा-तपासण्या रजिस्टरपुरत्या उरल्या. गोव्याने २००८मध्ये सरकारी रुग्णालयांत नवजातांच्या टाचेतल्या रक्ताच्या थेंबावरून चाचण्या सुरू केल्या. जन्मजात थायरॉइडची उणीव पहिल्या दोन आठवड्यांत सापडली तर रोजच्या एका स्वस्त गोळीवर बुद्धी वाचते, एवढं एकच कारण त्यासाठी पुरेसं आहे. फेब्रुवारी २०१३मध्ये राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात पालघरला झाली, म्हणजे कासाच्या त्याच पट्ट्यात. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंत तीस व्याधींचा शोध, ही कल्पना थोर आहे. पण विल्सन आणि युंगनर यांनी १९६८मध्येच बजावलं होतं की पुढच्या निदानाची आणि उपचाराची सोय असल्याखेरीज चाळणी लावू नये. बहिरेपणाचा संशय लिहून दिला आणि श्रवणयंत्रासाठी वर्ष गेलं, तर चाळणी लावून काय साधलं?

२०२१मध्ये नोंदींसाठी पोषण ट्रॅकर हे ॲप आलं. नोंद दिल्लीपर्यंत तत्काळ जाते, आणि त्याच क्षणी आईच्या हातून सुटते. माता-बाल संरक्षण कार्डात वाढीचा तक्ता आजही छापलेला आहे. लसींचं पान भरलेलं आणि तक्ता कोरा, हे चित्र मात्र सर्रास दिसतं. माझी सूचना यंत्र टाकून देण्याची नाही. मासिक आढाव्याच्या नमुन्यात दोनच रकाने वाढवावेत: लागोपाठ दोन महिने वजन न वाढलेली दोन वर्षांखालची मुलं किती, आणि त्यांपैकी कितींच्या घरी आठवड्याच्या आत गृहभेट झाली. दोन महिने अशासाठी की सहा महिन्यांनंतर मुलगी महिन्याला सरासरी पाव किलोच्या आसपास वाढते, साल्टर काट्याची एक रेघ १०० ग्रॅमची असते, आणि रडणारं, हातपाय झाडणारं मूल एवढी चूक सहज घडवतं. एका महिन्याच्या आडव्या रेघेवर कुणाला घाबरवू नये. सेविकेवर कामाचा भार वाढेल, हा आक्षेप येईल. वजनं ती आजही घेतेच, आणि या महिन्याच्या आकड्यातून मागच्या महिन्याचा आकडा वजा करणं यंत्राला क्षणाचं काम आहे. भार वाढेल तो पर्यवेक्षिकेवर आणि प्रकल्प अधिकाऱ्यावर, कारण हिरव्या पट्ट्यातल्या मुलांबद्दलही त्यांना उत्तर द्यावं लागेल.